चाळणीतून वर

नळाखाली धरलेला ग्लास भरला, त्याने तो ओठांपर्यंत नेला आणि हात तिथेच थांबला. काहीतरी आलं. नाकात अगदी वर, दोन भुवयांच्या मधोमध, कुणी नखाने हलकेच टोकरावं तसं, आणि गेलं. त्याने श्वास रोखून धरला. सकाळचे सव्वानऊ वाजत होते. जलशुद्धीकरण केंद्राच्या तळमजल्यावरची जुन्या नोंदींची खोली, चार लोखंडी कपाटं, एक टेबल, खिडकीशी हात धुवायचं बेसिन आणि बेसिनपाशी ग्लास धरून उभा असलेला तो. बाहेर पंपांची घरघर रोजच्यासारखी चालू होती. 'वास' हा शब्द मनाशी उच्चारायलाही तो धजावला नाही. चौदा महिन्यांत त्याच्या नाकाने जगातल्या एकाही गोष्टीची दखल घेतली नव्हती, आणि दखल न घेण्याची इतकी सवय झाली होती की त्या टोकरण्याने तो आधी दचकलाच. मग तेवीस वर्षांच्या सवयीने त्याचा तळवा आपोआप ग्लासच्या तोंडावर गेला, मनगट गोल फिरलं, पाणी आत घुसळलं गेलं, त्याने तळवा बाजूला सरकवला आणि नाक खाली नेऊन छोटे छोटे तीन श्वास घेतले. पहिल्याला काही नाही. दुसऱ्याला काही नाही. तिसऱ्याला ते पुन्हा आलं. या वेळी थोडं थांबलं. रिकाम्या घरात शिरावं, आणि काही दिसण्या-ऐकण्याआधीच आत कुणीतरी आहे हे कळावं, तसं. तो मागे सरकून कपाटाला टेकला, आणि ग्लासातलं निम्मं पाणी शर्टावर सांडलं.

पाण्याचा वास घेणं हे त्याचं कामच होतं. लोकांना ते खरं वाटत नसे. लग्न ठरताना मुलाची माहिती काढायला आलेल्या बायकोच्या मामांनी तीनतीनदा विचारलं होतं, "म्हणजे नेमकं काय करता आपण?" आणि त्याने तीनतीनदा सांगितलं होतं, की मी पाणी हुंगतो. पाण्यातलं गढूळपण मोजायला यंत्र आहे, आम्लता मोजायला यंत्र आहे. पण शैवालाने धरलेला मातकट वास, नळाच्या रबराचा वास, औषधाचा उग्र वास, हे यंत्राला पुढे कधीतरी कळतं, नाकाला आधी कळतं. वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत रोज सकाळी सात वाजता तो काचेचे चंबू ओळीने मांडायचा, पाणी साठ अंशांपर्यंत तापवायचा, बूच काढायचा आणि हुंगायचा. त्यासाठी सकाळची कॉफी नऊपर्यंत लांबवायची, साबण बिनवासाचा वापरायचा, सर्दी झाली तर रजा टाकायची. सगळं केंद्र त्याला 'नाकोबा' म्हणायचं. मुख्य अभियंत्यापासून ते चंबू धुणाऱ्या बाटलीमामांपर्यंत. तो चिडल्यासारखं करायचा आणि मनातून फुगायचा. मग एका सकाळी गाळणीच्या टाकीपाशी, ओल्या पायरीवरून त्याचा पाय सटकला आणि डोक्याचा मागचा भाग सिमेंटच्या कठड्यावर आपटला. त्यानंतरचे नऊ दिवस त्याच्या हिशेबी नाहीतच. दहाव्या दिवसापासून तुकडे आहेत. खिडकीचा चौकोन, बायकोच्या चष्म्याची काडी, कुणीतरी वारंवार विचारतंय, आज वार कोणता. डॉक्टर लोक त्याचे हात उचलून बघत होते, पाय उचलून बघत होते, फळांची नावं विचारत होते. नाकाबद्दल कुणीच विचारलं नाही, आणि त्यालाही ते सुचलं नाही. उलट रुग्णालय किती स्वच्छ ठेवलंय, औषधांचा जरासुद्धा दर्प नाही, याचं त्याला कौतुक वाटलं होतं.

घरी आल्यावर तेराव्या दिवशी कळलं. तो स्वयंपाकघरातच, गॅसकडे पाठ करून, वर्तमानपत्रातली एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत बसला होता. बायको न्हाणीघरातून ओरडतच आली. "अहो! घरभर धूर झालाय, दूध करपून कोळसा झालंय आणि तुम्ही बसलाय काय नुसते!" त्याने वळून पाहिलं. भांड्यावर काळा धूर, छतापर्यंत. तो उठला, भांड्याशी गेला, वाकला. काही नाही. आणखी वाकला. बायकोने त्याला दंडाला धरून मागे ओढलं, तेव्हा तिला त्याचा चेहरा दिसला आणि ती एकदम गप्प झाली. त्या दिवशी दोघं मिळून घरातल्या बाटल्या, डबे, औषधाची मलमं, तिच्या कपाटातली अत्तराची कुपी, बूटपॉलिश, सगळं उघडत सुटली. ती पुढे करायची, तो मान हलवायचा. शेवटी तिने पुढे काही धरलंच नाही. त्यानंतर त्याची बदली तळमजल्यावर झाली, पगार तोच, काम कागदांचं. त्याने आक्षेप घेतला नाही. त्याला लागलं ते दुसरंच. त्या दिवसापासून त्याला कुणीही नाकोबा म्हटलं नाही.

डॉक्टरीणबाई त्याच्या आयुष्यात आल्या त्या पाच महिन्यांनंतर. किडकिडीत अंग, भरभर चाल, कानावर पेन्सिल. मेंदूला मार बसलेल्या लोकांवर त्यांचा एक अभ्यास चालला होता आणि वास गेलेली माणसं त्यांना हवी होती. त्यांनी त्याच्याच फाइलच्या पाठीवर नाकाचं चित्र काढलं. "हे बघा, डोक्याला मागून दणका बसला की आतला मेंदू पुढे जाऊन आपटतो. नाकाच्या छताला चाळणीसारखं हाड असतं. त्या भोकांतून वासाचे बारीक धागे वर मेंदूत जातात. मेंदू सरकला की हे धागे कापले जातात. सुरीने कापावेत तसे." तो म्हणाला होता, "म्हणजे संपलं." "संपलं कुठे? ऐका तर. बाकीच्या मेंदूतल्या पेशी सहसा पुन्हा येत नाहीत. पण हे धागे जन्मभर नव्याने उगवत असतात. कापले तरी खालून नवे निघतात. प्रश्न एवढाच, की ते चाळणीपर्यंत पोचतात का, भोक सापडतं का आणि पलीकडे योग्य जागी जुळतात का." मग त्यांनी वाढीच्या घटकांबद्दल सांगितलं. इंग्रजीत त्यांना ग्रोथ फॅक्टर म्हणतात म्हणाल्या. जखम झाली की शरीर स्वतःच अशी काही प्रथिनं सोडतं. ती कोवळ्या धाग्याला जगवतात, पुढे सरकायला लावतात, या बाजूला ये म्हणून बोलावतात. ती कमी पडली तर धागा निघतो पण वाटेतच सुकतो. "आम्ही त्यांतलाच एक घटक नाकात थेंबांनी देऊन बघतोय. आता खरं सांगते. निम्म्या लोकांना औषध आहे आणि निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. तुमच्या बाटलीत काय आहे हे मलासुद्धा माहीत नाही. आणि औषध असलं तरी उपयोग होईल अशी हमी नाही."

हमी नाही हे वाक्य त्याला आवडलं होतं. इतक्या महिन्यांत त्याच्याशी कुणी सरळ बोललंच नव्हतं. तो सकाळ-संध्याकाळ थेंब घालू लागला, डोकं मागे टाकून, दहापर्यंत मोजत. त्यांनी दिलेल्या चार कुप्या दिवसातून दोनदा हुंगू लागला, लिंबू, लवंग, गुलाब, निलगिरी. चारींमध्ये सारखंच काही नाही. "नुसतं हुंगू नका," डॉक्टरीणबाई म्हणायच्या, "लिंबू हुंगताना लिंबू आठवा. धाग्याला तिकडे काम आहे हे कळलं पाहिजे." आणि चाला, म्हणायच्या. चालण्याने मेंदूत असाच एक घटक वाढतो असं प्राण्यांवरच्या अभ्यासात दिसलंय, माणसांतही तशा खुणा आहेत, नुकसान तर नक्कीच नाही. म्हणून तो बस सोडून रोज चार किलोमीटर चालत कामावर येऊ लागला. चालताना डोळ्यांसमोर ते चित्र असायचं. हाडाची चाळणी आणि खाली आंधळेपणाने चाचपडणारे धागे. चालता चालता तो त्यांच्याशी बोलायचासुद्धा, मनातल्या मनात, अरे जरा वर, जरा डावीकडे, असं. विसरलेले शब्द याच काळात परत आले, उगाच भडकणं कमी झालं, वर्तमानपत्राची दुसरी ओळ पहिलीला जोडली जाऊ लागली. नाक तेवढं बहिरं राहिलं. आणि मग पाच महिन्यांपूर्वीचा तो प्रसंग. भरदुपारी त्याला जळक्या वायरचा दर्प आला होता, जोरदार, घसा धरेल इतका. त्याने राहती सगळी इमारत खाली उतरवली होती, लहान मुलं, आजारी माणसं, सगळी. अग्निशमन दलाची गाडी आली होती, दोन तास शोधलं, आणि काहीही नव्हतं. "कधी कधी मेंदू स्वतःच वास बनवतो," डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं, "बरं होण्याच्या वाटेवर असं होतं. न होण्याच्या वाटेवरही होतं." पुढचे कितीतरी दिवस तो शेजाऱ्यांना टाळण्यासाठी मागच्या जिन्याने ये-जा करत होता.

म्हणून आता, कपाटाला टेकून, ओल्या शर्टाने, त्याला आनंदाच्या आधी तो मागचा जिना आठवला. पण तेवीस वर्षं हुंगण्यात घालवलेल्या माणसाला एक गोष्ट येत असते. ती म्हणजे तुलना. त्याच्या पिशवीत घरून आणलेली पाण्याची बाटली होती, काल संध्याकाळी भरून ठेवलेली. मेंदू स्वतःच वास बनवत असेल तर तो दोन्ही पाण्यांत बनवील. त्याने निळ्या काठाचा दुसरा ग्लास घेतला, बाटलीतलं पाणी ओतलं, तळवा, मनगट, तीन श्वास. काही नाही. पुन्हा नळाचं. आलं. पुन्हा घरचं. काही नाही. त्याने डोळे मिटले, दोन्ही ग्लास टेबलावर फिरवून फिरवून त्यांची जागा विसरला आणि पुन्हा हुंगलं. आलं, काही नाही. डोळे उघडले. बरोबर. छातीत इतकं धडधडत होतं की कानात पंपांचा आवाज आहे की आपलाच, हे कळेना. आलं! धागा पोचला! चाळणीतून वर गेला! ओरडावंसं वाटलं, नाचावंसं वाटलं, बायकोला फोन लावावा म्हणून त्याने फोन काढलासुद्धा. आणि तेव्हाच दुसरा विचार डोक्यात शिरला. फरक खरा असेल, तर तो पाण्यात आहे. आणि हे पाणी शुद्ध पाण्याच्या टाकीतून येतं. याच टाकीतून चार तासांनी ते अर्ध्या शहराच्या नळांना पोचतं.

दोन मजले तो एका दमात चढला. डॉक्टरांनी जिना सावकाश चढायला सांगितलं होतं. प्रयोगशाळेत मुख्य रसायनतज्ज्ञ बाई सूक्ष्मदर्शकावर वाकल्या होत्या आणि बाटलीमामा कोपऱ्यातल्या मोरीत चंबू विसळत होते. बाई एके काळी त्याच्या हाताखाली शिकलेल्या. एकटे असले किंवा नुसते बाटलीमामा असले की तो अजूनही अगं-तुगं करायचा आणि त्या सर म्हणायच्या. चारचौघांत त्या मॅडम आणि तो नोंदींचा कारकून.

"टाकीच्या पाण्याला वास येतोय," तो धापा टाकत म्हणाला.

बाईंनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर आधी काळजी आली, पाण्याची नव्हे, त्याची. "सर, बसा आधी. शर्ट ओला कशाने झालाय? पडलात का कुठे?"

"पडलो नाही. वास येतोय. मला."

मोरीतला आवाज थांबला.

"सर," बाई अगदी हळू बोलल्या, "सकाळी सातला मीच तपासलंय. आज माझी पाळी होती. वास नाही अशी नोंद केलीय, सहीही माझी आहे."

"किती अंशांवर?"

"साध्या तापमानावर. हीटर कालपासून बिघडलाय. आणि मला जरा सर्दी आहे." मग त्यांनीच विचारलं, "कसला वास आहे?"

इथे तो अडखळला. कसला? त्याने ते अजून स्वतःला विचारलंच नव्हतं. डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. "पिकलेल्या केळ्याच्या सालीसारखा. आणि त्याच्याखाली ओलं लोखंड."

"केळं?" बाटलीमामांना राहवलं नाही. बाईंच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं, हसू नव्हे. कीव होती ती. अग्निशमन दलाची गोष्ट केंद्रात सगळ्यांना माहीत होती. त्याला वाटलं आत्ताच्या आत्ता खाली जावं, कपाटं लावून घ्यावीत. पण जाताना त्या दोन ग्लासांचं काय करायचं? आलं, काही नाही, आलं, काही नाही. हे त्याच्या डोक्यात घडलं नव्हतं. तो म्हणाला, "माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. ठेवण्यासारखं नाहीच माझं नाक. तू मला तीन चंबूंची परीक्षा दे. दोनांत कोळशातून गाळलेलं बिनवासाचं पाणी, एकात टाकीचं. मी पाठ करून बसतो. मीच शिकवलीय ना तुला?"

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि त्या एकदम उठल्या. हे त्यांचं त्याला पहिल्यापासून आवडायचं. एकदा ठरलं की घोळ नाही. बाटलीमामांनी तीन-तीन चंबूंचे नऊ संच भरले, बाईंनी बुडाशी खुणा केल्या, आणि बिघडलेल्या हीटरऐवजी शेजारच्या विभागातून गरम पाण्याचं पातेलं आणून चंबू त्यात ठेवले. तो खिडकीकडे तोंड करून बसला. खाली टाकीच्या पृष्ठभागावर आभाळाचा एक स्वच्छ तुकडा हलत होता. त्याला स्वतःची भीती वाटत होती आणि त्या भीतीखाली, अंगभर, एक उकळी फुटत होती. परीक्षेला बसल्याची, पुन्हा एकदा बसायला मिळाल्याची. पहिला संच. चंबू मानेशी धरायचा नाही, तळाशी धरायचा. फिरवायचा. बूच. तीन श्वास. "मधला." दुसरा. "डावीकडचा." तिसऱ्याला काहीच येईना, घाम फुटला. त्याने थांबून आपल्याच बाहीच्या आतल्या बाजूला नाक खुपसलं, नाकाला विसावा द्यायची ही जुनी युक्ती, आणि पुन्हा सुरुवात केली. "उजवीकडचा." चौथा. पाचवा. बाई हूं की चूं करत नव्हत्या. सातव्याला ते टोकरणं इतकं स्पष्ट आलं की त्याला हसू फुटलं. नववा संच ठेवून झाला तेव्हा खोलीत फक्त बाईंच्या पेन्सिलीची कागदावर खरखर होती.

"नवाला नऊ," बाई म्हणाल्या. "नशिबाने असं जमायचं म्हटलं तर एकोणीस हजार वेळांत एकदा." त्यांचा आवाज बदलला होता. त्यांनी नाक शिंकरलं, पातेल्यातलं पाणी आणखी तापवायला लावलं, टाकीचा चंबू हातात घेतला, तापमापी साठाला टेकेपर्यंत उभ्या राहिल्या. बूच काढलं. दोन श्वास घेतले आणि चंबू टेबलावर ठेवला, अलगद, फुटेल की काय असा. "सर, हे केळं नाही. हे डिझेल आहे."

बाटलीमामा पुढे होऊन वाकले. "आयला! डिझेलच की! नाकोबा, अहो तुम्ही..." आणि त्यांनी जीभ चावली. पण शब्द निघून गेला होता, आणि त्याचे डोळे एकदम भरून आले.

पुढचं सगळं झपाट्याने झालं. बाईंनी सातची स्वतःची नोंद लाल शाईने खोडली, शेजारी वेळ घातली आणि सही केली. मग फोन उचलला. दुसऱ्या क्रमांकाचा पंप बंद करा. हो, आत्ता. हो, शहराचा पूर्वेकडचा सगळा भाग कोरडा पडेल. जबाबदारी माझी. यंत्राचा अहवाल संध्याकाळी येईल, तोवर मी थांबणार नाही. पलीकडून कुणीतरी बरंच काही बोलत होतं. बाई ऐकून घेत होत्या आणि दुसऱ्या हाताने तो चंबू स्वतःकडे ओढून घेत होत्या. सव्वादहाला पंपाची घरघर अर्ध्यावर आली. साडेअकराला फिटरने पंपघराशेजारचं लोखंडी झाकण उचललं. जनरेटरला डिझेल नेणारी नळी टाकीकडे येणाऱ्या पाण्याच्या पाटाला खेटून जात होती आणि तिचा सांधा थेंब थेंब गळत होता. विष म्हणावं इतकं अजून नव्हतं, पण दुपारपर्यंत झालं असतं. पाणी बंद का म्हणून शिव्या देणारे फोन खालच्या टेबलावर खणखणत राहिले. बाई त्याला म्हणाल्या, "सर, घरी जा आता. आणि उद्या सकाळी सातला वर या. रिकाम्या पोटी."

तो रस्त्यावर आला आणि थक्क होऊन उभा राहिला. दार एकदा उघडलं होतं ते आता बंद व्हायला तयार नव्हतं. चपलांच्या दुकानापाशी त्याला ओल्या मातीसारखं काहीतरी आलं. बेकरीपाशी, जिथे पावाचा वास यायला हवा, तिथे खडूचा. फुलवालीच्या टोपल्यांपाशी करपलेली साखर. एकाही गोष्टीला तिचा स्वतःचा वास नव्हता, आणि प्रत्येक गोष्टीला काहीतरी होतं! तो एकदा पेट्रोल पंपापाशी थांबला आणि मोठ्या अपेक्षेने श्वास घेतला, केळं. तो मोठ्याने हसला. बाजूने जाणारी एक बाई लेकराचा हात घट्ट धरून पलीकडे झाली. त्याने डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि त्या हॅलो म्हणायच्या आत म्हणाला, "आलं!"

"काय आलं? कोण बोलतंय?"

त्याने सांगितलं. भडाभडा, उलटसुलट, चंबू आणि केळं आणि खडू. पलीकडे कागद सरकवल्याचा आवाज. "थांबा, थांबा, लिहून घेते. अहो, हे फार चांगलंय! धागे पोचलेत. फक्त चुकीच्या दारांशी पोचलेत. लिंबाचा धागा लवंगेच्या घरात शिरला तर मेंदू लवंगच म्हणणार ना. हळूहळू पुन्हा नावं शिकवावी लागतील. काही जुनी मिळतील, काही कदाचित कधीच नाही."

"थेंबांनी झालं का हे?"

"ते मला पाच महिन्यांनी कळेल, कुणाला काय दिलं ती यादी उघडल्यावर. थेंबांनी असेल, चालण्याने असेल, तुमच्या शरीरानेच केलेलं असेल. आत्ता मला विचारू नका, मला स्वतःला इतका आनंद झालाय की मी काहीतरी चुकीचं बोलेन."

बायको चष्म्याच्या दुकानात काम करायची. तो काचेच्या दारातून आत शिरला तेव्हा ती एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या कानामागे चष्म्याची काडी बसवत होती. त्याला बघितल्याबरोबर तिच्या हातातून स्क्रू निसटला. "अहो, इथे काय करताय या वेळी? चक्कर आली का? डोकं दुखतंय?" गिऱ्हाइकाला विसरून ती काउंटरच्या बाहेर आली. शर्टावरचे पाण्याचे डाग वाळून कडक झाले होते, ते तिने चाचपून पाहिले. तो नुसता हसत होता. तिने त्याला हाताला धरून मागच्या खोलीत नेलं, जिथे भिंगांच्या कडा घासायचं यंत्र होतं आणि सगळ्यावर पांढरी बारीक भुकटी बसलेली असे. "सांगा काय झालं ते. पटकन."

"वास येतोय मला."

मग तिने तोंडावर हात धरला, आणि चष्मा काढला, आणि पुन्हा घातला. "खरं? शप्पत? कसला? म्हणजे सगळ्याचा?" आणि उत्तराची वाट न पाहता, एकदम लहान आवाजात, "माझा?"

एवढे महिने तो तिच्याशी खोटं बोलत आला होता. जेवण छान झालंय, कॉफी मस्त आहे, हो येतोय जरासा. तिला बरं वाटावं म्हणून. तीही ते ओळखून होती आणि तीही गप्प होती, आणि त्या गप्पपणाने घरात जागा अडवली होती. तो पुढे झाला. तिच्या मानेशी, कानाच्या खाली, जिथे केस बांधल्यावर चार-दोन सुटे राहतात, तिथे नाक नेलं. लहान श्वास, तीन. आलं. त्याला काय हवं होतं ते त्याला पक्कं ठाऊक होतं, एकवीस वर्षांचं. आणि जे आलं ते तसं मुळीच नव्हतं. त्याच्या मनात काहीतरी खाली बसलं. क्षणभर वाटलं, म्हणावं, हो, तोच. किती सोपं होतं.

"सांगू? रागावू नकोस."

"सांगा."

"ओल्या चुन्यासारखा. आणि वर थोडंसं जळकं रबर."

ती घासायच्या यंत्रावर हात टेकून उभी राहिली. तिचे खांदे हलायला लागले तसा तो घाबरला, जवळ गेला, आणि मग त्याला कळलं की ती हसतेय. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, खाली स्टुलावर बसावं लागेपर्यंत. "चौदा महिन्यांनी," तिने कसंबसं म्हटलं, "चौदा महिन्यांनी नवरा जवळ आला आणि म्हणतो काय, तर जळकं रबर!"

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, धागे चुकीच्या दारांशी गेलेत. बदलेल कदाचित."

"आणि नाही बदलला तर?"

बाहेरून त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी खाकरून विचारलं, अहो बाई, माझा चष्मा. "आले, एक मिनिट!" ती ओरडली, पण उठली नाही. तिने सुटे केस एका हाताने वर धरले आणि मान कलती केली. "पुन्हा बघा. नीट. घाई करू नका."

तो स्टुलाशेजारी खाली बसला, भुकटीत गुडघे टेकून. चुना. रबर. आणि त्या दोहोंच्या मागे आणखी काहीतरी, जे आत्तापर्यंत रस्त्यावर, बेकरीपाशी, कशालाच आलं नव्हतं, आणि ज्याला त्याच्याकडे नाव नव्हतं.

"काय?" तिने विचारलं.

"थांब," तो म्हणाला. "अजून घेऊ दे."